पेटीतली जोडी

मालक गेल्याचं मला एसटीत कळलं. शेजारी बसलेला माणूस हळहळून म्हणाला, असा माणूस पुन्हा होणार नाय. मी म्हटलं, नको व्हायला. तो पुढच्या थांब्यापर्यंत माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार. डोकं माझं फिरलेलंच आहे, पण ते वयामुळं नाही.

लोक मालकांच्या गोष्टी सांगतात आणि हसतात, याचाच मला जास्त राग येतो. गोष्टी खऱ्या आहेत आणि हसण्यासारख्याही आहेत. एके काळी मीही हसलेली आहे. पण ज्या गोष्टीला हसता येत नाही ती कुणी सांगत नाही, म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगते.

कशेळ्याच्या बाजारापासून थोडं आत एक गाव आहे. तिथल्या सरकारी प्रसूतिकेंद्रात मी नर्स म्हणून गेले तेव्हा गावात वीज नुकती आली होती आणि कर्जतला जायला सकाळी एक आणि संध्याकाळी एक एसटी होती. मी घाटावरची, नवऱ्यामागे एकटी, आणि तोंडाची फटकळ. मला राहायला खोली दिली ती मालकांनी. गावात भाताची गिरणी त्यांची, शेतं त्यांची, आणि गावातली एकुलती एक मोटारही त्यांचीच. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा. उंच, हडकुळा, वाकून चालणारा माणूस. धोतराच्या सोग्याला कायम काळे डाग, आणि अंगाला रबराचा वास.

ती मोटार हॉलंडची होती. खोपोलीकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला कुणी साहेब आला होता, तो परत जाताना ती मालकांना देऊन गेला. तिला गिअर नव्हते. इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत न्यायला तळाशी दोन रबरी पट्टे होते, ते मोठाल्या कप्प्यांवर फिरायचे. कप्पी आपोआप रुंदअरुंद व्हायची, पट्टा तिच्यात वरखाली सरकायचा, आणि गाडी चढावर सावकाश आणि सपाटीवर भरभर चालायची. चालवणाऱ्यानं नुसता एक दांडा पुढं किंवा मागं करायचा. कर्जतच्या मेकॅनिकनं एकदा खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, मालक, ही मोटार नाय, ही तुमच्या गिरणीची धाकटी बहीण हाय. तेव्हापासून त्यानं तिला हात लावला नाही, आणि मालकांना ते फारच आवडलं.

साहेबाला मराठी येत नव्हतं आणि मालकांना इंग्रजी. तरी जाण्याआधी दोघं म्हणे रोज गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडून असायचे. साहेब पट्ट्यावर बोट ठेवून काहीतरी सांगायचा आणि मालक मान हलवायचे. गिरणीत जन्म गेलेल्या माणसाला पट्ट्याची भाषा कळायला दुसरी भाषा लागली नाही. निघताना साहेबानं एक लाकडी पेटी दिली. तिच्यात पट्ट्यांची कोरी जोडी होती, शंखजिऱ्याच्या भुकटीत घोळवून ठेवलेली. हे पट्टे इथं कुठं मिळत नव्हते. ती पेटी मालकांनी माळ्यावर ठेवली आणि माळ्याला कुलूप घातलं.

आता त्यांच्या तऱ्हा. गाडीत बसण्याआधी पाय धुऊन पुसायचे, देवळात जाताना पुसतात तसे. कोण कुठं बसणार हे वजन बघून मालक ठरवायचे. एकदा कशेळ्याच्या सावकारीणबाईंना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुमी मधी बसा, एका पट्ट्यावर भार नको. चढ आला की गाडीत कुणी बोलायचं नाही, कारण मालक पट्ट्याचा आवाज ऐकायचे. प्रवास संपला की गाडीमागं गुडघ्यावर बसून वास घ्यायचे. वास बरोबर असला तर तोंडावर समाधान, नसला तर जेवणावरून उठलेला माणूस. पावसाळ्यात गाडी पडवीत ओंडक्यांवर चढायची आणि पट्टे उतरायचे ते चिखल वाळेपर्यंत. पट्ट्याला पाणी चालत नाही, चिखल चालत नाही. तेल तर अजिबात चालत नाही.

आणि अमावास्या. पट्टा एकाच दिशेनं फिरला की एकाच अंगानं झिजतो असा मालकांचा सिद्धांत होता. ती गाडी मागंसुद्धा पुढच्याइतक्याच वेगानं पळायची. म्हणून दर अमावास्येला मालक गाडी उलटी चालवत गावाच्या वेशीपर्यंत न्यायचे. मान वळवून, एक हात सीटवर टाकून, तोंड मागच्या काचेकडे. एका अमावास्येला ते असेच निघाले आणि समोरून, म्हणजे त्यांच्या मागून, बाजाराची माणसं आली. गाडी आपल्याकडे येतेय की आपल्यापासून जातेय हे कुणालाच ठरवता येईना, आणि निम्मा बाजार भाताच्या खाचरात उतरला. मालकांचं लक्षही नव्हतं. ते वास घेत होते.

या गोष्टी सांगितल्या की लोक खूश होतात. मी पण त्या वेळी माझ्या बहिणीला पत्रातून लिहून कळवल्या होत्या.

मालकांचं म्हणणं असायचं की यंत्राला विचारून चालवावं, त्याला हुकूम करू नये. ते माणसांना बेधडक हुकूम करायचे.

गिरणीत भात आणून टाकायला एक गाडीवान होता, धाकू. विशीतला, बोलायला लाजरा, बैलांवर जीव टाकणारा. त्याची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखात तिला कळा सुरू झाल्या आणि ती अडली. मी सकाळपासून खटपट केली, पण मूल खाली येईना. मला कळलं की हिला कर्जतला न्यायला हवं. धाकू मालकांच्या ओटीवर जाऊन नुसता उभा राहिला. मालकांनी त्याच्याकडे बघितलं आणि गाडी काढली, हे मान्य करायला पाहिजे. नाही कसं म्हणू? पाय पुसायला लावले, बहिणीला मध्ये बसवलं, मला एका बाजूला, धाकूला दुसऱ्या, आणि निघालो.

वाटेत एक चढ आहे. अर्धा चढ चढल्यावर मालकांनी गाडी थांबवली. खाली उतरले, मागं जाऊन वास घेतला, आणि रस्त्याच्या कडेला बसून बिडी पेटवली. पट्टे तापले होते. पोरगी माझ्या मांडीवर कण्हत होती. मी खाली उतरले आणि मला येत होतं ते सगळं बोलले. ही मरेल, मी म्हटलं. मालकांनी बिडीची राख झाडली.

"पट्टा तुटला तर नक्की मरेल. आता नुसती कण्हतेय. यंत्राला घाई कळत नाय बाई."

बिडी संपली, त्यांनी पट्ट्याजवळ तळहात नेऊन बघितला, आणि मग गाडी चढली. दवाखान्यात पोचल्यावर मूल झालं, आई वाचली. परतताना मालक मला म्हणाले, बघितलंत? मला त्यांचं ते बघितलंत आजही ऐकू येतं. पण त्या दिवशी ते बरोबर होते.

बहीण वाचल्याच्या आनंदानं धाकूनं जे केलं ते आमच्या तिकडच्या कुणी केलं नसतं, आणि शहरातल्यानं तर नाहीच. ते गाडीवानच करू शकतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणं हे इकडं रोजचं काम आहे. लांबच्या वाटेला निघताना आस कोरडा ठेवला तर तो किंचाळतो, झिजतो, आणि बघणारा गाडीवानाला नावं ठेवतो. धाकूच्या घरी आई करंजेल काढायची, स्वतः निवडलेल्या करंजांचं, गाळून ठेवलेलं. खंडेनवमीला गावात सगळे आपापली अवजारं धुतात, पूजा करतात. त्या दिवशी पहाटे धाकू आपण होऊन मालकांच्या पडवीत आला. गाडी ओंडक्यांवर होती, पट्टे आदल्याच दिवशी चढवलेले. त्यानं गाडी धुतली नाही, कारण पाणी चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. मग खाली शिरला, आणि दोन्ही पट्ट्यांना आतून बाहेरून, कप्प्यांसकट, चोळून चोळून करंजेल लावलं. ज्या यंत्रानं आपल्या बहिणीला वाचवलं ते कोरडं चालतंय हे त्याला बघवलं नव्हतं. उरलेल्या तेलाची त्यानं पणती लावली.

मालक आंघोळ करून पूजेला आले आणि दारातच थांबले. वास.

मी तो दिवस बघितला आहे. ओरडले नाहीत. गाडीखाली गेले, पट्ट्याला बोट लावलं, बोट बघितलं, बाहेर आले आणि ओटीवर जाऊन बसले. नंतर त्यांनी पट्टे काढून रॉकेलनं पुसले, राख लावली, उन्हात टांगले. काही उपयोग झाला नाही. तेल रबराच्या पोटात गेलं होतं. गाडी सुरू केली की इंजिन गुरगुरायचं आणि पट्टे जागच्या जागी घसरायचे. गाव येऊन बघून गेलं. कुणी धाकूला मारलं नाही, पण सगळे त्याच्याकडे असं बघायचे की मारलं असतं तर बरं. मालकांनी त्याला एकच वाक्य ऐकवलं, की गाडी तू मारलीस. त्यांनी ते सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे म्हटलं.

गाडी मेली नव्हती. माळ्यावर पेटी होती. पण पेटीबद्दल घरातल्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण माझी खोली माळ्याखालीच होती आणि दर महिन्याला मालक पेटी उघडून शंखजिरं बदलायचे तेव्हा माझ्या डाळीत भुकटी पडायची.

मार्गशीर्षात धाकूची बायको बाळंतपणाला बसली. सोनी तिचं नाव. दिसायला किरकोळ, हसरी, माहेरी कुणी नसलेली, मला गंमतीनं मावशी म्हणणारी. मूल आडवं आलं होतं. मी हात लावून बघितलं, हिलाही कर्जतलाच न्यायला हवं होतं. दुपार होती, सकाळची एसटी गेलेली, संध्याकाळची यायला खूप अवकाश. बैलगाडीनं कर्जत म्हणजे अंधार पडणार. मी हात धुतले आणि मालकांच्या ओटीवर गेले. धाकू आला नाही. ज्या घराची गाडी आपण मारली त्या घरी कोणत्या तोंडानं जायचं, असं तो म्हणाला.

मालक सुपारी कातरत होते. मी सांगितलं, सोनी अडलीय, गाडी काढा. ते म्हणाले, गाडी कुठं राहिली? मी म्हटलं, माळ्यावर पेटी आहे. सुपारी कातरायची थांबली.

मला ठाऊक होतं की पट्टे चढवायला त्यांना चुलीवर भात शिजेपर्यंतचा वेळ पुरतो. पावसाळ्याआधी उतरवताना आणि नंतर चढवताना मी दर वर्षी बघत होते. मी तेही बोलून दाखवलं.

"ती जोडी पोरीसाठी हाय," मालक म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला आलेली होती, माहेरी यायचंच असतं, आणि तिला माघापर्यंत अवकाश होता. त्या वेळी ती आतल्या खोलीत लोकर विणत होती. आमचं बोलणं तिला ऐकू येत असणार, कारण सुयांचा आवाज थांबला.

मी म्हटलं, तिला अजून वेळ आहे, सोनीला नाही. मालकांनी मला समजावलं. समजावलं म्हणजे शांतपणे, गिरणीतल्या नव्या गड्याला समजावतात तसं. नव्या पट्ट्याला बसायला वेळ लागतो. आज घातला आणि लगेच चढावर ताणला तर तो आतून सुटतो, मग ऐन वेळेला दगा देतो. जुन्या कप्प्यासुद्धा तेलकट आहेत, त्या नव्या पट्ट्याला तेल पाजतील. दुसरी जोडी यायला हॉलंडला लिहावं लागेल. त्यांच्या म्हणण्यात यंत्राच्या दृष्टीनं चूक काही नसेलही. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळत होतं की पोरगी मरतेय आणि हा माणूस मला रबराची तब्येत सांगतोय.

"माझी एकच पोर हाय बाई."

"धाकूची पण एकच बायको आहे."

मालक उठले. मला वाटलं माळ्याकडे जातायत. ते खरंच माळ्याकडे गेले, तिथलं कुलूप ओढून बघितलं, आणि परत येऊन सुपारी कातरायला बसले.

आम्ही सोनीला बैलगाडीतून नेलं. खाली पेंढा, वर गोधडी, धाकू पुढं, मी मागं तिचा हात धरून. आसाला तेल घातलेलं होतं, गाडी आवाज करत नव्हती, त्यामुळं तिचं कण्हणं सगळं ऐकू येत होतं. चढ संपतो तिथं एक मोठं शिवणीचं झाड आहे. त्याच्या पुढं ती कण्हायची थांबली. मूल तिच्या पोटातच राहिलं. धाकूला मागं काय झालं ते कळलं नव्हतं. तो बैलांना चुचकारत होता, चला रं, आलं कर्जत. मला त्याला थांब म्हणावं लागलं.

तेराव्याला मी धाकूकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं. माळ्यावर कोरी जोडी होती, आहे, आणि मालकांनी दिली नाही. मी लपवून ठेवणारी बाई नाही. धाकूनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. बाई, तुमी रागात हायसा, तो म्हणाला. पट्टे असते तर मालकांनी दिले नसते का? माझ्या बहिणीच्या वेळेला दिली ना गाडी. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, सोनी माझ्या तेलानं गेली, दुसऱ्याला कशाला बोल लावू. मी मालकांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, त्याला एकदा तुमच्या तोंडानं सांगा. नुसतं सांगा, की जोडी होती. मालक म्हणाले, सांगून ती बाई परत येणार हाय का?

धाकूनं त्या दिवसापासून स्वतःच्या बैलगाडीला तेल घालणं बंद केलं. कुणी म्हणालं नवस आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. ती गाडी कोरड्या आसावर चालायची आणि तिचं किंचाळणं दोन शेतं ओलांडून ऐकू यायचं. कुत्री भुंकायची, पोरं कानावर हात ठेवायची. आस झिजायचा, तो नवा बसवायचा, आणि तोही कोरडाच चालवायचा. आणि मालक, ज्यांना सगळं ठाऊक होतं ते मालक, ओटीवरून त्याला हाका मारून सांगायचे, आस झिजतोय रं धाकू, वंगण घाल. यंत्राचे हाल त्यांना बघवत नसत.

माघ उजाडायच्या आधीच मालकांच्या मुलीला कळा सुरू झाल्या. मालकांनी हिशेब करून पट्टे बसवायचा दिवस ठरवला होता आणि तो नेमका तोच दिवस होता. ते सकाळीच गाडीखाली शिरलेले. इकडं आतल्या खोलीत पोरीला दोनचार कळा आल्या आणि बाळ झालंसुद्धा. मुलगी झाली, गुटगुटीत, पहिल्याच श्वासाला रडणारी. मी काही केलं नाही, नुसती झेलली. इतकं सोपं बाळंतपण मी नोकरीत क्वचित पाहिलं. बाळाचं रडणं ऐकून मालक गाडीखालून सरपटत बाहेर आले. हात पांढरे, डोळ्यात पाणी. आत येऊन नातीला बघितलं, देवाला हात जोडले. मग परत पडवीत गेले. मी हात धुऊन बाहेर आले तर ते पट्टे उतरवत होते. उतरवले, शंखजिऱ्यात घोळवले, आणि पेटीत ठेवले.

"रस्त्यावर गेलीच नाय जोडी," ते म्हणाले. "नवीच्या नवी राहिली."

मला वाटलं होतं की आता तरी ते पट्टे गाडीवर राहतील. पुढच्या अडलेल्या बाईला गाडी मिळेल. मी ते विचारलं. मालकांनी पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला. म्हणाले, ही जोडी पेटीत हाय तवर माझी गाडी चालू हाय बाई. घातली की ती झिजायला लागणार, आणि झिजली की माझ्या पडवीत नुसतं खुराडं उरणार. हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, आणि त्यातच मला हा माणूस सगळा कळला. त्याला गाडी चालवायची नव्हती. गाडी चालू शकते एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी ती कधीही न चालणं भाग होतं.

मी बारशाला गेले नाही. त्याच महिन्यात खोली सोडली, पुढं बदली झाली, आणि सगळा तालुका फिरून शेवटी निवृत्त होऊन कर्जतला स्थिरावले.

मालकांना मी शेवटचं बघितलं ते त्या नातीच्या लग्नात, ते तिच्या आजोळीच होतं. मालकांची मुलगी स्वतः आमंत्रण द्यायला आली, म्हणाली, बाई, तुम्ही तिला या जगात आणलंत, तुम्ही यायलाच हवं. तिच्यावर माझा राग नव्हता. तरी ती निघताना मी विचारलं, त्या दुपारी तू आत ऐकत होतीस ना? ती उंबऱ्यावर थांबली आणि हो म्हणाली. मग मी गेले.

आदल्या दिवशी पोचले तर मांडवाची तयारी चालली होती. पडवी मोकळी करायची होती आणि पडवीत ती गाडी होती. सीटवर कोंबड्या बसत होत्या. ओढून काढायला धाकूला बोलावलं होतं. तो येतोय हे मला तो दिसण्याआधी खूप वेळ कळलं, किंचाळण्यावरून. केस पिकले होते त्याचे. त्यानं पुन्हा लग्न केलं नव्हतं. मला बघून हसला. बैल सोडून त्यानं मोटारीच्या पुढच्या अंगाला दोर बांधला, बैलांनी जोर केला, आणि मोटार अर्धी पडवीच्या बाहेर आली.

ओटीवर खुर्चीत मालक बसले होते. वयानं पार वाळलेले, पण नजर गाडीवर. एकदम म्हणाले, थांबा, अशीच ओढू नका, पट्टे घाला, चालत जाईल ती. सगळे हसले. मालकांनी कमरेची किल्ली काढून जावयाला माळ्यावर पाठवलं. पेटी खाली आली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि स्वतः उघडली, पाहुण्यांना दागिना दाखवावा तशी.

"साहेबानं दिलेली. कोरी हाय."

पांढऱ्या भुकटीतून त्यांनी पट्टा उचलला. तो लवला नाही. त्यांनी जरा वाकवला आणि त्याच्यावर बारीक भेगा उमटल्या, मग तो मधोमध तुटला आणि एक तुकडा ओटीखाली धाकूच्या पायाशी पडला. बसून बसून रबर मेलं होतं. पाहुण्यांतल्या कुणीतरी च्च केलं.

धाकूनं तो तुकडा उचलला. उलटसुलट केला. तेल लागलेल्या रबराचा काळा चिकटपणा त्याला चांगला माहीत होता. हा कोरडा होता. त्यानं वर मालकांकडे बघितलं.

"सोनीच्या टायमाला ही होती?"

ओटीवरच्या निम्म्या माणसांना सोनी कोण हेही ठाऊक नव्हतं. मालकांनी पेटीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना.

"होती," मालक म्हणाले.

धाकू माझ्याकडे वळला. मला वाटलं रडेल, किंवा मालकांच्या अंगावर जाईल. मला तर तो जायला हवा होता.

"बाई, तुमी सांगितलेलं," तो म्हणाला.

त्यानं तुकडा पायरीवर ठेवला, दोर सोडला, बैल घेतले, आणि बैलगाडी जुंपून निघून गेला. मोटार अर्धी आत आणि अर्धी बाहेर राहिली. जावयानं आणि पोरांनी ढकलून बघितली, ती जाम झाली होती. शेवटी मांडव तिच्याभोवतीच घातला आणि तिच्या नाकावर एक चादर टाकली. मालक मला दोनदा म्हणाले, बाई, बोलवा त्याला, गाडी पुरती काढ म्हणावं. दोन्ही वेळा मी सांगितलं, तुम्हीच बोलवा. त्यांनी बोलावलं नाही. लग्न लागलं, अक्षता टाकल्या, नात सासरी गेली, आणि मालक त्या चादरीकडे बघत खुर्चीत बसून राहिले. मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होते. पाठीमागून बैलाचा उष्ण श्वास खांद्याला लागला आणि मी दचकून बाजूला झाले. धाकूची बैलगाडी माझ्या अगदी पाठीशी येऊन थांबली होती आणि मला ऐकूच आली नव्हती. चाकाच्या मधल्या तुंब्यातून करंजेल ओघळून रस्त्याच्या धुळीत पडत होतं. बसा बाई, धाकू म्हणाला, कर्जतपर्यंत सोडतो. मी चढून बसले. शिवणीचं झाड आलं तेव्हा त्यानं बैल थांबवले नाहीत, आणि गाडी आवाज न करता पुढं गेली.